टंबलर लवंडत नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत शब्दांच्या जन्मकथांची चौकट येते, ती मी पुरवणी उघडल्या उघडल्या वाचते. गेल्या रविवारी तिथे 'टंबलर' या इंग्रजी शब्दाची कथा होती. मजकूर थोडक्यात असा: फार पूर्वी, सॅक्सन लोकांच्या काळात, इंग्लंडात पेल्याचं बूड गोल किंवा टोकदार असे. भरलेला पेला खाली ठेवला की लवंडे, म्हणून हातातला पेला संपवल्याशिवाय सुटका नसे. 'टंबल' म्हणजे पडणे, म्हणून पडणारा तो टंबलर. पुढे बूड सपाट झालं, नाव मात्र चिकटून राहिलं.

कथा झकास आहे. इतकी झकास की मला तिथेच संशय आला. मी उभी हयात शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. वस्तू का पडते आणि का पडत नाही, याविषयी कुणी सैल विधान केलं की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही, तेव्हा पत्र लांबलं तर चालवून घ्यावं.

चौकट लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगते. त्यांनी कथा मनची रचलेली नाही. मोठमोठ्या इंग्रजी कोशांतही टंबलरची मूळ व्याख्या जवळपास अशीच दिलेली आहे: गोल किंवा टोकदार बुडाचा पेला, रिकामा होईपर्यंत खाली ठेवता न येणारा. गंमत अशी, की त्याच व्याख्येत पुढे हे पेले बरेचदा चांदीचे किंवा सोन्याचे असत अशीही पुस्ती आहे. ही पुस्तीच मला महत्त्वाची वाटते. धातूचा गोल बुडाचा पेला आणि काचेचा गोल बुडाचा पेला टेबलावर सारखे वागत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की या पेल्याला टंबलर म्हटलं गेलं ते तो पडे म्हणून नसावं. तो डोले, कलंडल्यासारखा होई आणि आपला आपण पुन्हा उभा राही, म्हणून म्हटलं गेलं असावं.

आधी शब्दाचं पाहू. 'टंबल' म्हणजे पडणे, हे आजच्या शाळकरी इंग्रजीत ठीक आहे. पण क्रियापदाचा जुना अर्थ पडण्याचा नाही. जुन्या इंग्रजीत 'तुम्बियन' असं रूप होतं, अर्थ नाचणे, उड्या मारणे. इसवी सन १००० च्या आसपासच्या जुन्या इंग्रजीतल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, हेरोद राजाच्या वाढदिवशी हेरोदियाची मुलगी सगळ्यांसमोर नाचते, तिथे हेच क्रियापद आहे. त्या काळच्या लोकांच्या डोळ्यांसमोर हा नाच कसा होता, ते फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलवर दगडात कोरलेलं आहे: मुलगी हातांवर उभी, पाय वर, अंगाची कमान. म्हणजे नाचापेक्षा कसरतच. चौदाव्या शतकात 'टंबलर' हा शब्द इंग्रजीत आढळतो तो अशाच कसरतपटूसाठी. बाईसाठी वेगळं रूप होतं, चॉसरच्या कवितेत ते 'टोम्बेस्टेर' असं येतं. (शेवटचा '-स्टर' हा मुळात बायकांचा प्रत्यय. 'स्पिन्स्टर' म्हणजे आधी नुसती सूत कातणारी बाई. तिचं पुढे काय झालं तो निराळा विषय, आणि त्यावरही मला बोलायचं आहे, पण आज नको.)

पडणे हा अर्थ इंग्रजीत यामागून आला. तो आला आणि रुळला, हे खरंच. सतराव्या शतकातला माणूस 'टंबल' म्हणताना दोन्ही अर्थ जाणत होता. म्हणून नुसत्या क्रियापदावरून निकाल लागत नाही. पण ज्या ज्या गोष्टींना इंग्रजांनी 'टंबलर' हे नाव दिलं, त्या पाहिल्या तर एक धागा दिसतो.

कुत्रा घ्या. १५७० साली जॉन कीज नावाच्या इंग्रज वैद्यानं इंग्लंडातल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. आडनाव लिहायचं 'कायस' आणि म्हणायचं 'कीज', हा लॅटिनचा हव्यास. १५७६ मध्ये ते इंग्रजीत आलं. त्यात टंबलर नावाच्या शिकारी कुत्र्याचं वर्णन आहे. हा सशाच्या मागे सरळ धावत नाही. गिरक्या घेत, अंग वळवत, गोल गोल फिरत जवळ सरकतो आणि अचानक झडप घालतो. कबुतर घ्या. टंबलर जातीचं कबुतर उडता उडता मागच्या मागे कोलांट्या घेतं आणि पुन्हा पंख मारत पुढे जातं. डार्विननं अशी कबुतरं स्वतः पाळली होती आणि १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यांचा दाखला दिला आहे. कुलपातला टंबलरही घ्या. किल्ली फिरली की तो भाग उचलला जातो, किल्ली निघाली की आपल्या जागी परत येतो. रॉबर्ट बॅरननं १७७८ मध्ये पेटंट घेतलं ते अशाच टंबलरांच्या कुलपाचं. स्वीडिशमध्ये 'टुमलारे' म्हणजे समुद्रात लोळण घेत जाणारा, डॉल्फिनचा लहानखुरा भाऊ शोभेल असा प्राणी, आणि 'टुमलारे' म्हणजेच चांदीचा गोल बुडाचा पेलाही. जर्मनमध्ये पेला 'टुमलर', आणि तो प्राणी व ते कबुतर 'ट्युमलर'. 'u' वरच्या दोन टिंबांचा फरक.

यातला कोण पडून राहतो? कसरतपटू उलटा होतो आणि पायांवर येतो. कबुतर कोलांटी घेतं आणि उडत राहतं. तो समुद्री प्राणी पाठ दाखवून बुडी मारतो आणि पुढे निघतो. पडला आणि सांडला, असा या घराण्यात फक्त पेलाच निघावा, हे मला पटत नाही.

आता सॅक्सन लोकांकडे वळते. चौकटीतला हा भाग अर्धा खरा आहे, म्हणून जास्त गोंधळ करणारा आहे. सहाव्या-सातव्या शतकातल्या सॅक्सन आणि फ्रँक थडग्यांतून काचेचे पेले निघाले आहेत, आणि त्यातले कितीतरी खरोखरच खाली ठेवता येत नाहीत. काही शंकूसारखे निमुळते आहेत, काही शिंगाच्या आकाराचे, काही तळहातात मावतील असे पसरट आणि गोल बुडाचे. पण असे ते का होते, याचं उत्तर पिणाऱ्यांच्या हौसेत शोधण्याआधी काच फुंकणाऱ्याकडे पाहावं. नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकलं की फुगा होतो, आणि फुग्याचं बूड गोलच असतं. त्याला सपाट करायचं तर वेगळी मेहनत: बूड आत दाबायचं, किंवा काचेची कडी जोडून पाय करायचा. गोल बूड हा सगळ्यात कमी कटकटीचा आकार. त्यातून पेला संपवूनच ठेवण्याची रीत पडली असेलही. त्याबद्दल माझा वाद नाही.

वाद कालगणनेचा आहे. ते पेले आठव्या शतकाच्या अलीकडे फारसे येत नाहीत. पेल्याच्या अर्थानं 'टंबलर' हा शब्द इंग्रजीत नोंदलेला सापडतो तो १६६० च्या दशकात. मधे नऊशे वर्षं गेली. सॅक्सन माणूस आपल्या पेल्याला टंबलर म्हणत नव्हता. ते नाव त्या पेल्यांना लावलं ते कितीतरी नंतरच्या अभ्यासकांनी आणि संग्राहकांनी, आकार सारखा दिसला म्हणून. नातवाचं नाव पणजोबाला ठेवायचं आणि मग पणजोबावरून नातवाचं नाव पडलं म्हणायचं, असला हा प्रकार आहे.

मग १६६० च्या दशकात इंग्लंडात टंबलर म्हणून काय होतं? त्या काळचे आणि त्यानंतरच्या काही दशकांतले चांदीचे टंबलर आजही संग्रहालयांत आहेत. १६४२ पासूनच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी घराघरातली चांदी वितळवून पैसा उभा केला, त्यामुळे त्याआधीची भांडी कमी उरली. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर चांदीकामाला पुन्हा बहर आला. हे टंबलर बुटके, रुंद तोंडाचे, बिनकानाचे, बिनपायांचे. बूड गोलाकार. आणि घडवण्याची पद्धत अशी, की जाड चांदीची तबकडी घ्यायची, मधूनमधून तापवून मऊ करायची आणि हातोडीनं ठोकत कडा वर चढवत न्यायच्या. ठोकून ठोकून भिंती पातळ होतात. बुडाला हातोडी कमी लागते, तिथली चांदी जाडच राहते. कारागिरानं ती मुद्दाम तशी राखायची. म्हणजे सगळा भार खाली.

इथे मला फळा आणि खडू हवा होता, पण तुमच्या स्तंभात तो कुठून मिळणार.

पाडलं तरी उठून उभं राहणारं खेळण्यातलं बाहुलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं तत्त्व असं: बूड गोलाचा भाग असेल, तर ते टेबलाला टेकतं तो बिंदू नेहमी त्या गोलाच्या केंद्राच्या बरोबर खाली असतो, वस्तू कितीही तिरकी करा. वस्तूचा गुरुत्वमध्य केंद्राच्या खाली असेल तर ती परत उभी राहते. वर असेल तर लवंडते. एवढाच नियम. बूड गोल आहे म्हणून वस्तू पडते, हे चूक. प्रयोगशाळेतला गोल बुडाचा चंबू टेबलावर ठेवला की आडवा होतो, आणि का असं विचारलं की वर्गातून एकमुखानं उत्तर येई, 'बूड गोल आहे म्हणून'. नाही. नुसता पोकळ गोल पडतही नाही आणि उठतही नाही, लोळेल तिथे राहतो. चंबू आडवा होतो तो त्याच्या मानेमुळे. मानेचं वजन केंद्राच्या वर असतं. टंबलरला मान नाही.

ठीक, पण पेला भरल्यावर? आतलं पेय त्याला पाडणार नाही का? इथे एक सुरेख गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही शब्दकथेत मी वाचलेली नाही. पेय गोलाकार भागापुरतंच असेल तर ते पेल्याला पाडायला काडीची मदत करत नाही. पेला तिरका केला तरी पेयाची पातळी आडवीच राहते, आणि गोल भागातल्या पेयाचा गुरुत्वमध्य केंद्राच्या बरोबर खाली येऊन थांबतो. टेकण्याचा बिंदूही तिथेच खाली. दोन्ही एका ओळंब्यात. मग उलटवायला पेयाला पकडच मिळत नाही. पेला उभा राहील की नाही हे फक्त पेल्याच्या धातूवर ठरतं. पेय गोल भागाच्या वर, सरळ भिंतींमध्ये चढलं, की मात्र ते कलंडवायला लागतं.

आकडे घालून पाहते. माप माझं, सोयीसाठी धरलेलं. बूड ४ सेंटिमीटर त्रिज्येचा अर्धगोल, त्यावर २ सेंटिमीटर उंचीची सरळ भिंत. यात काठोकाठ सुमारे २३५ मिलिलिटर मावतं. चांदी सगळीकडे सारखी, १ मिलिमीटर जाड धरू. म्हणजे बुडाला मुद्दाम राखलेल्या जाड चांदीचा फायदा मी टंबलरला देतच नाही. पेल्याचं वजन साधारण १५७ ग्रॅम होतं आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्राच्या १ सेंटिमीटर खाली येतो. सावरणारा जोर, दोन्हींचा गुणाकार करून, १५७. पेला काठोकाठ पाण्यानं भरला, तर सरळ भिंतीतल्या पाण्यामुळे कलंडवणारा जोर त्याच एककात १०० च्या आसपास निघतो. चांदी जिंकते. धक्का लागला तर चार थेंब सांडतील, पण पेला डुलेल आणि उभा राहील. खऱ्या टंबलरचं बूड जाड, म्हणून तो याहून भक्कम.

हाच पेला त्याच जाडीच्या साध्या काचेचा करा. काचेची घनता चांदीच्या सुमारे एक चतुर्थांश. सावरणारा जोर १५७ वरून ३८ वर घसरतो आणि पाण्याचे १०० तसेच राहतात. आता मात्र पेला लवंडतो. चौकटीतली कथा इथे लागू पडते, असं म्हणायला मी तयार होते. पण पुढचा हिशेब करून पाहा. वरचा एक सेंटिमीटर पिऊन टाकला की कलंडवणारा जोर १०० चा २५ होतो, कारण तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. २५ विरुद्ध ३८. पेला उभा! म्हणजे पातळ काचेचा टंबलरसुद्धा 'संपवल्याशिवाय ठेवता येत नाही' असा नाही. पन्नासएक मिलिलिटर, दोन-तीन घोट, एवढंच त्याचं मागणं. काच तिप्पट जाड घेतली तर तेही नको, काठोकाठ भरूनही जेमतेम निभावतं.

टोकदार बुडाची गोष्ट वेगळी. टोकावर कुठलाच पेला उभा राहत नाही, भरलेला नाही आणि रिकामाही नाही. 'रिकामा होईपर्यंत ठेवता येत नाही' हे वाक्य त्यामुळे टोकदार पेल्याच्या बाबतीतही धड बसत नाही. रिकामा झाला तरी त्याला पालथाच घालावा लागणार.

आणि पालथे घालण्याचे पेले युरोपात होतेच की. जर्मनमध्ये त्यांना सरळ 'श्टुर्त्सबेखर' म्हणतात, पालथा घालायचा पेला. त्यांचं नाव आणि काम जुळतं. इंग्लंडात अठराव्या शतकात शिकारीला निघालेल्या घोडेस्वाराला निरोपाचा घोट देण्यासाठी चांदीचे पेले निघाले, कोल्ह्याच्या मुंडक्याच्या आकाराचे, नाकाड खाली आणि तोंड वर. त्याला बैठकच नाही. स्वारानं घोड्यावरूनच प्यायचं आणि रिकामा पेला परत द्यायचा. घोडागाडी सरायशी थांबली की प्रवाशांना द्यायचे बिनपायाचे काचेचे पेलेही होते. हे दोन्ही खरोखर ठेवता न येणारे पेले. इंग्रजांनी त्यांना काय नावं दिली? पहिल्याला रिकिबीवरून 'स्टिरप कप', दुसऱ्याला गाडीवरून 'कोचिंग ग्लास'. 'ठेवला की पडतो' ही टंबलरची खूण असती, तर या दोघांचा त्या नावावर पहिला हक्क होता. त्यांना ते कुणी दिलं नाही.

सपाट बुडाचं म्हणाल, तर तो टप्पा 'शहाणपण सुचलं' असा नाही. साहित्य बदललं. लंडनमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टनं १६७४ साली स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं. त्याच्या काचेत शिशाचं ऑक्साइड असे. सुरुवातीला तिला आतून बारीक चिरा जात, तो दोष पुढच्या दोन-तीन वर्षांत आटोक्यात आला. ही काच जड, चकचकीत, आणि जाडजूड बूड करायला सोयीची. पुढच्या शतकात बिनकानाचा, बिनपायाचा पेला या काचेत होऊ लागला, खाली जड सपाट बूड घेऊन. चांदीच्या टंबलरशी त्याचं साम्य पाहा: बुटका, सरळ, कान नाही, दांडी नाही, भार सगळा खाली. नाव त्या साम्यावरून आलं असणार. डोलणं तेवढं गेलं.

अशा कथा रुजतात याचं मला नवल वाटत नाही. पिण्याच्या भांड्यांवर तर त्यांचं पीकच आलेलं आहे. 'रमर' नावाचा मोठा पेला असतो, तो रम पिण्याचा म्हणून रमर, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो डच 'रूमर'वरून आला, रमशी त्याचं देणंघेणं नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्याला 'बंपर' म्हणतात. तो म्हणे फ्रेंच 'ओ बाँ पेर', अर्थात पोपच्या नावानं प्यायचा पेला. कुणीतरी रिकाम्या वेळात जुळवलेलं. 'बंप' म्हणजे फुगवटा हे इंग्रजी घरात असताना पोपला बोलवायची गरज नाही. जस्ती रंगाच्या प्यूटर मगांना काचेचं बूड का, तर नौदलात जबरदस्तीनं भरती करणारे तळाशी राजाचा शिलिंग (हे नाणं घेतलं की भरती पत्करली असं धरलं जाई) टाकून ठेवत, तो आधीच दिसावा म्हणून, हीही अशीच. सगळ्यांत पिणारा बिचारा अडकलेला असतो: कुणी त्याला नौदलात नेतं, कुणी त्याला पेला खाली ठेवू देत नाही. ऐकायला मजा येते, म्हणून कुणी पुढे विचारत नाही. 'मग' शब्दाची खरी कथा मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि ती जास्त रंगतदार आहे. भांड्याचं नाव बहुधा उत्तरेकडच्या भाषांतून आलं. अठराव्या शतकात वेड्यावाकड्या चेहऱ्यांचे मग निघाले आणि 'मग' म्हणजे थोबाड असा अर्थ झाला. पोलीस आरोपीचा फोटो काढतात तो 'मगशॉट' इथला. एखाद्या रविवारी ही छापा.

कुणी म्हणेल, कोशात छापलं आहे ना, मग तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. कोशांची मला कदर आहे, १६६० च्या दशकाची तारीख मी त्यांच्याच भरवशावर दिली. पण कोशकाराच्या हातात अवतरणं असतात, आणि अवतरणात पेल्याचं बूड दिसत नाही. तारीख कोशाकडून घ्यावी. पेला लवंडतो की नाही, हे पेल्याकडून घ्यावं. आणि १६६० च्या दशकात ज्यानं कुणी पहिल्यांदा हा शब्द त्या पेल्यासाठी उच्चारला, त्याच्या मनात काय होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून मीही 'असावं' असंच म्हणते. चौकटीत तो 'असावं' नव्हता, माझी तक्रार खरं तर तेवढ्या एका क्रियापदाची.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या पुरवणीत दोन ओळींची जागा मिळाली तर एवढं छापावं, की टंबलर हा शब्द पेल्यासाठी सतराव्या शतकात आला, सॅक्सन काळाशी त्याचा संबंध नाही, आणि त्या काळचे चांदीचे टंबलर भरलेले असतानाही टेबलावर डोलत उभे राहत. हिशेब कुणाला तपासायचा असेल तर माप वर दिलेलं आहे, तपासावा.

जाता जाता आणखी एक. मजकुराशेजारी जे चित्र छापलं होतं, त्या पेल्याला लांब दांडी आणि गोल पाय आहे. तो गॉब्लेट. चित्रही बदलावं.

आपली,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षिका